खरखर नेमकी कुठून येते? एक आयपॅड आणि तीन ॲडाप्टर

ध्वनिमुद्रित पुस्तके बाहेर पडण्यापूर्वी ती शब्दन् शब्द ऐकून तपासणे हे माझे काम आहे, त्यामुळे दिवसातले चार-पाच तास माझ्या कानांवर हेडफोन असतात. वाचकाने ‘दिन’ म्हटले की ‘दीन’, दोन तुकडे जोडताना श्वास अर्धवट तुटला का, ध्वनिमुद्रण चालू असताना खोलीतला पंखा बंद करायचा राहून गेला होता का, अशा गोष्टी मला टिपून द्याव्या लागतात. या कामात यंत्रातून येणारा बारीकसा आवाजही फार महाग पडतो, कारण तो मूळ ध्वनिमुद्रणात आहे की माझ्या जोडणीत आहे हे ठरवता येईपर्यंत पुढचे पान ऐकण्यात काही अर्थ नसतो. बिनतारी हेडफोन मी या कामासाठी वापरत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवला जातो आणि थोडा उशिराही पोहोचतो, आणि नेमक्या जागी थांबवून खूण करायची असेल तर तो उशीर त्रासदायक ठरतो.

माझा आधीचा टॅबलेट २०२१ सालचा नवव्या पिढीचा आयपॅड होता आणि त्याला ३.५ मिलिमीटरचे गोल भोक होते. तो बदलून २०२२ सालचा दहाव्या पिढीचा आयपॅड घेतला आणि ते भोक गेले. ॲपलने ते २०१८ साली आयपॅड प्रोवरून, २०२० साली एअरवरून, २०२१ साली मिनीवरून आणि शेवटी २०२२ साली साध्या आयपॅडवरूनही काढले; जवळजवळ सर्व महागड्या अँड्रॉइड टॅबलेटांची वाटचालही याच दिशेने झाली. म्हणजे तारेचे हेडफोन वापरायचे असतील तर मध्ये एक बोटभर लांबीचा ॲडाप्टर आलाच. गेल्या दीड वर्षात मी असे तीन ॲडाप्टर वापरले. त्यांतील दोन निर्मात्यांची नावे मी येथे देणार नाही, कारण दोषाचा किती भाग त्यांचा आणि किती माझ्या वापराचा हे मी प्रयोगशाळेत मोजलेले नाही. तिसरा ॲपलचा स्वतःचा आहे, आणि हे परीक्षण प्रामुख्याने त्याचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मीही तो बाळगून होतो. हा ॲडाप्टर म्हणजे नुसती तार आहे, एका आकाराची खाच दुसऱ्या आकाराला जोडणारी, असे वाटते. प्रत्यक्षात आयपॅडच्या यूएसबी-सी खाचेतून आवाज बाहेर पडतच नाही. बाहेर पडतात ते आकडे. त्या आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारी चिप (हिलाच डीएसी म्हणतात) आणि ती लहर हेडफोनला पेलेल इतकी मोठी करणारा छोटा ॲम्प्लिफायर ही दोन्ही कामे ॲडाप्टरच्या टोकातल्या, करंगळीच्या नखाएवढ्या पट्टीवर होतात. याउलट काही अँड्रॉइड फोन स्वतःच्या पोटात तयार झालेला आवाज यूएसबी-सीच्या चोवीस संपर्कांपैकी काहींवरून थेट बाहेर सोडू शकतात, आणि त्यांच्यासाठी बनवलेला ॲडाप्टर खरोखरच नुसती तार असते. तो आयपॅडला लावला तर आवाज मुळीच येत नाही. दुकानात मात्र दोघांनाही ‘सी टाइप टू जॅक कनेक्टर’ एवढेच नाव असते आणि वेष्टनावर चिपचा उल्लेख क्वचितच आढळतो. विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न म्हणून ‘यात डीएसी आहे का’ हाच असावा. उत्तर मिळाले नाही तर दुकानातच आपल्या टॅबलेटला लावून पाहावे.

माझा पहिला ॲडाप्टर दीडशे रुपयांचा होता. त्यात डीएसी होती आणि आवाजही येत होता, पण आवाजाच्या मागे सतत काहीतरी होते. पंधरा दिवस सोसून मी तो पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, जिथून घेतला होता त्याच दुकानात परत नेला. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता. मी म्हणालो, “यातून खरखर येते.” त्याने ॲडाप्टर हातातही न घेता विचारले, “काका, खरखर म्हणजे कशी? गाणं थांबवल्यावरपण येते का?” मी म्हणालो, थांबवल्यावरही येते. “वायर हलवल्यावर कमी-जास्त होते?” नाही. “मग ही खरखर नाही, ही सूं आहे. हा पीस बदलून दिला तरी दुसऱ्यातपण तीच येणार.” त्याने पैसे परत दिले नाहीत, हे खरे, पण जे दिले ते दीडशे रुपयांहून अधिक मोलाचे होते.

त्या मुलाच्या दोन प्रश्नांत बिघाड शोधण्याची जवळजवळ सगळी रीत होती. आपण तक्रार करताना ‘खरखर’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतो, पण आपल्या भाषेत आवाजांसाठी जितके नेमके शब्द आहेत तितके ते वापरले तर निम्मे निदान तिथेच होते. सूं वेगळी, घूं वेगळी, चिरचिर वेगळी, टकटक वेगळी, आणि खरी खरखर त्या सर्वांहून वेगळी. प्रत्येकीचे उगमस्थान निराळे आहे आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. बहुतेक लोक ॲडाप्टरमागून ॲडाप्टर बदलत राहतात ते यामुळेच, आणि मीही एक ॲडाप्टर विनाकारण बदललाच.

सूं ही ॲडाप्टरच्या आतल्या ॲम्प्लिफायरची स्वतःची असते. कोणताही ॲम्प्लिफायर पूर्ण गप्प नसतो. प्रश्न इतकाच की त्याची कुजबुज आपल्या हेडफोनमधून ऐकू येते की नाही. तिची ओळख अशी की टॅबलेटवरचा आवाज कमी-जास्त केला तरी सूं तेवढीच राहते, वाचन थांबवले तरी काही सेकंद चालू राहते, आणि मग एक बारीक ‘टक्’ होऊन एकदम शांतता पसरते, कारण काही काळ आकडे आले नाहीत की ॲडाप्टर वीज वाचवण्यासाठी झोपी जातो. माझ्या कामात या झोपेचा आणखी एक उपद्रव होता: पुन्हा वाचन सुरू करताना ॲडाप्टर जागा होईपर्यंत सुरुवातीचा आवाज गिळला जाई, आणि ‘अनुपस्थित’चा ‘उपस्थित’ होऊन मी एकदा ध्वनिमुद्रकाला विनाकारण दुरुस्ती सुचवली होती. आता कोणतीही शंका आली की मी दोन-तीन सेकंद मागे जाऊनच ऐकतो.

सूं किती ऐकू येईल हे हेडफोनवरही तितकेच अवलंबून असते. कानाच्या आत बसणारे सोळा ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) संवेदनशील इअरफोन अगदी थोड्या विजेवर मोठा आवाज देतात, त्यामुळे ते कुजबुजही मोठी करून ऐकवतात. अडीचशे किंवा तीनशे ओहमच्या स्टुडिओ हेडफोनवर तीच कुजबुज सहसा विरून जाते. माझे बंद कपांचे हेडफोन यांच्या अधेमधे, पस्तीस ओहमच्या आसपासचे आहेत. पहिल्या ॲडाप्टरवर सोळा ओहमचे इअरफोन लावले की सूं असह्य होई आणि बंद कपांच्या हेडफोनवर ती शांत खोलीतच जाणवे. म्हणून आवाजाच्या तक्रारीत दुसरे हेडफोन लावून पाहणे ही चाचणी टाळू नये. सूं आढळली तर तिच्यावर सेटिंगमधून उपाय नाही, पुसण्या-झटकण्यानेही ती जात नाही. ॲडाप्टर किंवा हेडफोन यांपैकी एक बदलणे एवढाच मार्ग उरतो.

त्यानंतर मी जो दुसरा ॲडाप्टर घेतला तो निवडण्यात माझा हव्यास होता. ऐकताना चार्जिंगही व्हावे म्हणून दोन तोंडांचा, एका बाजूला गोल भोक आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी-सी असलेला नग घेतला. त्यातली सूं पहिल्यापेक्षा खूपच कमी होती, आणि टॅबलेट बॅटरीवर असताना तक्रारीला जागा नव्हती. चार्जर लावला की मात्र चिरचिर सुरू होई. ही चिरचिर स्थिर नव्हती. पडद्यावर पान सरकवले की तिचा सूर बदले आणि पडद्याचा उजेड कमी केला की तीही मंदावे. टॅबलेटच्या कामाच्या तालावर नाचणारा आवाज ऐकू आला की समजावे, हा आवाज हवेतून आलेला नाही, विजेच्या पुरवठ्यातून आलेला आहे.

याचे कारण आकड्यांत पाहिले तर पटते. मध्यम आवाजात पुस्तक ऐकताना माझ्यासारख्या हेडफोनला मिळणारा विद्युतदाब जेमतेम काही दशक मिलिव्होल्टांचा असतो, आणि शांत जागी त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी गडबडही कानाला कळते. त्याच बोटभर नगातून टॅबलेटकडे एक-दोन ॲम्पिअरचा चार्जिंगचा प्रवाह जात असतो. तो प्रवाह टॅबलेटच्या गरजेप्रमाणे क्षणाक्षणाला बदलतो, आणि आवाजाच्या परतीची व चार्जिंगच्या परतीची वाट आत एकच ठेवलेली असेल तर त्या बदलांचे पडसाद थेट कानात उमटतात. चांगल्या नगात या दोन वाटा वेगळ्या ठेवतात आणि चिपला मिळणारी वीज गाळून घेतात. स्वस्त नगात ती जागा आणि ते चार-दोन सुटे भाग वाचवले जातात. बाहेरून पाहून यातले काही कळत नाही. दोन तोंडांचे सर्व नग वाईट असतात असे मी म्हणत नाही, परंतु ज्याला शांतता हवी आहे त्याने चार्जिंग आणि ऐकणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करावीत, हे मला स्वस्त आणि खात्रीचे वाटते.

चार्जरचा वाटा किती आणि नगाचा किती, हे शोधण्यासाठी पॉवर बँक फार उपयोगी पडते. चार्जर काढून त्याच नगाला पॉवर बँक लावली तेव्हा माझ्याकडची चिरचिर निम्म्याहून कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. म्हणजे दोष दोघांचाही होता. माझा तो चार्जर एका जुन्या फोनबरोबर आलेला, नाव पुसट झालेला होता. भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण आणि ‘आर’ या अक्षरानंतर आठ अंकी क्रमांक असणे बंधनकारक आहे. माझ्या चार्जरवर तो शोधूनही सापडला नाही, आणि तो मी त्याच दिवशी टाकून दिला.

घूं मात्र मला हेडफोनमध्ये नव्हे तर टेबलावरच्या स्पीकरांत भेटली, आणि ती हेडफोनवाल्यांनीही समजून घेण्यासारखी आहे, कारण अनेक जण याच ॲडाप्टरमधून घरच्या ॲम्प्लिफायरला तार जोडतात. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. त्या ५० ची आणि तिच्या दुप्पट १०० ची जाड, अखंड घूं ऐकू आली की ती घराच्या विजेकडून आली आहे असे धरावे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते. त्याच्या आतून अत्यल्प गळतीचा प्रवाह टॅबलेटच्या धातूच्या पाठीपर्यंत पोहोचतो. अनवाणी पायांनी चार्जिंगवरच्या टॅबलेटला हात लावल्यावर हाताला जी झिणझिण जाणवते ती याचीच. तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या स्पीकरला तोच टॅबलेट जोडला की या गळतीला आवाजाच्या तारेतून जमिनीकडे जायचा रस्ता मिळतो आणि ती जाता जाता घूं करते. चार्जर काढला की आवाज तत्क्षणी थांबतो, ही तिची खूण. चार्जर काढणे शक्य नसेल तर मध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी बसवावी. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तारेचा सलग रस्ता तुटतो. गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानांत ती काही शे रुपयांत मिळते. नुसते हेडफोन वापरणाऱ्याला तिची गरज नाही, कारण हेडफोनला जमिनीकडे जाणारी दुसरी तारच नसते.

तिसरा ॲडाप्टर घेताना मी हव्यास सोडला आणि ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचा साधा, एकाच तोंडाचा ॲडाप्टर घेतला. पहिल्याच्या साधारण सहापट किंमत पडली. आता एक वर्ष होत आले. सूंबद्दल सांगायचे तर बंद कपांच्या हेडफोनवर ती मला रात्री दोन वाजताही ऐकू आलेली नाही, आणि सोळा ओहमच्या इअरफोनवर कान देऊन ऐकले तरच तिची शंका येते. इतक्या लहान वस्तूकडून मी ही अपेक्षा केली नव्हती. या ॲडाप्टरची मर्यादा २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८ हजार मोजमापे, प्रत्येक २४ बिटांच्या बारकाईने. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची संगीतमुद्रणे जपणाऱ्या रसिकाला ती खटकेल, परंतु सीडीचा दर्जाच ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांचा असताना बोललेल्या शब्दासाठी त्याहून अधिक काही लागत नाही. माईक असलेल्या इअरफोनचा माईक आणि बटणेही यावर चालतात.

परदेशातील नातेवाइकांकरवी हा ॲडाप्टर मागवणाऱ्यांसाठी एक बारकावा सांगून ठेवतो. युरोपात विकला जाणारा नग तिथल्या श्रवणसुरक्षेच्या नियमांमुळे अमेरिकेतल्या नगाच्या साधारण निम्मा विद्युतदाब देतो, त्यामुळे जास्त ओहमचे हेडफोन त्यावर दबल्यासारखे वाजतात. शिवाय अनेक अँड्रॉइड उपकरणांवर हा ॲडाप्टर हळू वाजतो, कारण त्याच्या आतली स्वतःची आवाजपातळी ती उपकरणे वर नेत नाहीत. अँड्रॉइड टॅबलेट असलेल्यांनी हा घेण्याची घाई करू नये. त्यांना त्यांच्या टॅबलेटच्या निर्मात्याचा डीएसी असलेला ॲडाप्टर अधिक सोयीचा पडेल. अँड्रॉइडवर आवाज मुळीच येत नसेल तर विकसकांसाठीच्या पर्यायांत (डेव्हलपर ऑप्शन्स) यूएसबी ऑडिओ रूटिंग, म्हणजे आवाज यूएसबीकडे वळवणे, बंद करणारी एक कळ असते, ती चुकून चालू झालेली नाही ना, हेही पाहावे.

असा सगळा आनंद चालू असताना ऑगस्टमध्ये खरी खरखर आली. तार किंचित हलली की कुरकुर, डाव्या कानाचा आवाज मध्येच जाणे, आणि एकदा तर वाचणाऱ्याचा आवाज नाहीसा होऊन मागचे पार्श्वसंगीत तेवढे विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत राहिले. हा शेवटचा प्रकार घाबरवणारा असला तरी निदानाला फार सोपा आहे. हेडफोनच्या पिनेवर डावा कान, उजवा कान आणि दोघांची सामाईक परतीची तार असे संपर्क असतात. ही परतीची तार सुटली की दोन्ही कान एकमेकांना उलटे जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखे असलेले सगळे वजा होते. बोलणारा किंवा गाणारा सहसा मधोमध मुद्रित केलेला असल्याने तो गायब होतो आणि बाजूंना पसरलेले तेवढे उरते. गाण्यात गायक जातो आणि तानपुऱ्यांची झंकार राहते, तसे. माईकच्या इअरफोनवर असे झाले आणि माईकचे बटण दाबून धरल्यावर आवाज सुधारला, तर समजावे की इअरफोनवर माईक आणि परतीची तार यांच्या जागा उलट्या आहेत. जुन्या ओएमटीपी पद्धतीत त्या तशा असत. आजचे बहुतेक सर्व त्याच्या उलट, सीटीआयए पद्धतीचे असते.

माझ्या हेडफोनला मात्र माईक नाही, म्हणजे संशय फक्त संपर्कावर उरला. संपर्क तीन ठिकाणी होता: टॅबलेट आणि ॲडाप्टर यांच्यामध्ये, ॲडाप्टर आणि पीन यांच्यामध्ये, आणि हेडफोनच्या कपाजवळ, जिथे त्याची तार काढता-घालता येते. तिन्ही एकदम हलवून पाहणे निरुपयोगी ठरते. टॅबलेट टेबलावर स्थिर ठेवून, वाचन चालू असताना, एका वेळी एकच जोड दोन बोटांत धरून हलकेच फिरवावा आणि बाकी दोन्हींना हात लावू नये. मी असे केले तेव्हा दोष एका नव्हे, दोन जागी निघाला.

पहिला दोष टॅबलेटच्या कव्हरचा होता. मी जूनमध्ये पावसाळ्यासाठी जाड रबरी कव्हर घेतले होते, आणि त्याची खालची खाच ॲडाप्टरच्या टोकापेक्षा अरुंद असल्यामुळे टोक केसभर बाहेर राहत होते. यूएसबी-सीचे टोक पूर्ण बसले की बारीकसा ‘टच्’ जाणवतो. तो जाणवत नव्हता हे मला दोन महिने कळले नाही. ब्लेडने ती खाच दोन मिलिमीटर रुंद केली आणि आवाज मध्येच तुटणे थांबले. या खाचेत खिशातला किंवा पिशवीतला कापसाचा गाळ साचूनही हेच होते. तो काढायला टॅबलेट बंद करून लाकडी दातकोरणे वापरावे. टाचणी कधीही घालू नये, आणि तोंडाने फुंकरही मारू नये, कारण फुंकरीबरोबर दमटपणा आत जातो.

दुसरा दोष हेडफोनच्या पिनेचा होता. दमट हवेत पिनेच्या वरच्या लेपावर काळसर थर धरतो, आणि त्या थरामुळे संपर्क कधी होतो, कधी होत नाही, त्यातून जी येते ती अस्सल खरखर. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे किनाऱ्याच्या खारट हवेत पितळेची समईही महिन्यात काळवंडते. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पीन पुसली, कोरडी होऊ दिली, आणि ॲडाप्टरच्या भोकात पंधरा-वीस वेळा घालून-काढून आतले संपर्कही घासून घेतले. कपाजवळच्या जोडाचेही तसेच केले. तिथून पुढे आजतागायत खरखर नाही. म्हणजे या संपूर्ण ऑगस्टात तिसऱ्या ॲडाप्टरचा काडीचाही दोष नव्हता, आणि मी चौथा मागवण्याच्या बेतात होतो.

राहिली टकटक. आवाज चांगला असताना मध्येच एखादा क्षण गळून ‘टक्’ व्हावे, आणि ते तार हलवण्यावर अवलंबून नसावे, असा हा प्रकार. यूएसबीवरून आवाजाचे आकडे ठरावीक वेळापत्रकाने पाठवले जातात, आणि एखादी खेप चुकली तर ती पुन्हा मागवली जात नाही; फाईल उतरवताना चूक झाली तर तो तुकडा पुन्हा मागवला जातो, आवाजात मात्र ती वेळ निघून गेलेली असते. ॲडाप्टर थेट टॅबलेटला न लावता एखाद्या हबमध्ये (एका खाचेवर अनेक उपकरणे जोडणाऱ्या डबीत), त्यातही शेजारी हार्डडिस्क जोडलेल्या हबमध्ये लावला की हे अधिक होते. हब काढावा, टॅबलेट एकदा बंद करून चालू करावा, मागे चालू असलेली ध्वनिसंपादनाची ॲप्स बंद करावीत; यापलीकडे मला कधी जावे लागले नाही. शेजारी ठेवलेल्या फोनमुळे येणारी ठरावीक तालाची टिर्र-टिर्र ही वेगळी गोष्ट. ती टूजी जाळ्यातील फोनच्या सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणाऱ्या प्रक्षेपणाची असते, आणि फोन हातभर लांब सरकवला की संपते.

या सगळ्याच्या आधी करायची एक चाचणी मी मुद्दाम मागे ठेवली, कारण मलाही ती फार उशिरा सुचली. तीच फाईल, तोच क्षण, हेडफोन काढून टॅबलेटच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकावा, किंवा कुणाच्या तरी ब्लूटूथ हेडफोनवर ऐकावा. आवाज तिथेही असेल तर तो मुद्रणातच आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांत सुईचा चरचराट असणारच, आणि तो ॲडाप्टर बदलून जाणार नाही. एकदा एका कादंबरीच्या सातव्या प्रकरणातली घूं मी तीन दिवस माझ्या टेबलावर शोधत होतो. ती स्टुडिओच्या शेजारच्या खोलीतल्या फ्रिजची निघाली.

ॲपलच्या ॲडाप्टरबद्दल माझ्या तक्रारी आवाजाच्या नाहीत, शरीराच्या आहेत. त्याची तार बारीक आहे आणि दोन्ही टोकांशी तिला पुरेसा आधार नाही. टॅबलेट मांडीवर घेऊन ऐकले की हेडफोनच्या जाड तारेचे वजन नेमके त्या बारीक तारेवर येते. चार्जिंग त्याबरोबर होत नाही, त्यामुळे दुपारच्या जेवणाच्या वेळी टॅबलेट चार्जिंगला लावण्याची सवय मला करून घ्यावी लागली. आणि तो इतका लहान व पांढरा आहे की गादीच्या चादरीवर ठेवला तर सापडत नाही. यावर मी असा तोडगा काढला आहे की तो हेडफोनच्या पिनेवरून कधी काढतच नाही. जोडाजवळ एक सैल गाठ मारून रबराच्या पट्टीने तार गुंडाळली आहे, म्हणजे ओढ बसली तर ती गाठीवर बसते. रोज काढण्या-घालण्याची झीज यूएसबी-सीच्या बाजूला होते, आणि ते टोक दहा हजार वेळा घालणे-काढणे सोसेल अशा मापाने ठरवलेले आहे. दिवसातून चारदा धरले तरी साडेसहा वर्षांहून अधिक काळ होतो; त्याआधी तार तुटेल असा माझा अंदाज आहे, म्हणून तसाच एक जादा ॲडाप्टर आणून कपाटात ठेवला आहे.

घेऊ का, असे कुणी विचारले तर यूएसबी-सीचा आयपॅड आणि घरातले तारेचे चांगले हेडफोन असणाऱ्याला मी बिनधास्त हो म्हणेन. दोन तोंडांचा नग मी देऊन टाकला. दीडशे रुपयांचा पहिला मात्र घरातच आहे. बायको सकाळी पोळ्या करताना तो स्वतःच्या फोनला लावून आकाशवाणीच्या बातम्या ऐकते. सूं ऐकू येते का, असे मी तिला एकदा विचारले होते. कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत तिने हेडफोनच काढले नाहीत, आणि मग म्हणाली, “कसली सूं?”